आमिशांचे शेजारी आणि आमिशांची मुले

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहून परतणारी आपल्याकडील वडीलधारी मंडळी न्यूयॉर्क आणि नायगारा यांच्या जोडीने पुष्कळदा पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्याचेही वर्णन करतात. घोडागाडीतून जाणारे दाढीवाले पुरुष, डोक्यावर पांढरी टोपी घातलेल्या स्त्रिया, विजेची तार न पोचलेली नीटनेटकी घरे. वर्णनाच्या शेवटी दोहोंपैकी एक उद्गार ठरलेला असतो : ‘किती समाधानी माणसे!’ किंवा ‘अमेरिकेतही इतके मागासलेले लोक असावेत ना!’ खुद्द अमेरिकन पर्यटकाचे मत याहून फारसे निराळे नसते. १९८५ च्या ‘विटनेस’ या चित्रपटाने पहिल्या उद्गाराला मोठाच हातभार लावला. वास्तविक हे दोन्ही उद्गार पाहुण्याचे आहेत. शेजाऱ्याचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे.

आमिश आणि मेनोनाइट हे एकाच मुळाचे पंथ. जन्मतः दिलेला बाप्तिस्मा व्यर्थ होय, श्रद्धा ही जाणत्या वयात माणसाने स्वतः स्वीकारावयाची गोष्ट आहे, असे मानणाऱ्या काही जणांनी १५२५ साली झुरिच येथे एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. या मतापायी शेकडोंना प्राणास मुकावे लागले. मेनो सायमन्स या डच धर्मोपदेशकाच्या नावावरून मेनोनाइट हे नाव रूढ झाले. १६९३ साली याकोब आमान याचे अनुयायी शिस्तीच्या प्रश्नावरून वेगळे झाले, ते आमिश. आजचे बहुसंख्य मेनोनाइट इतरांसारखेच राहतात, मोटारी चालवतात, महाविद्यालये चालवतात. नागपूर ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्यप्रांतात, धमतरी येथे, दुष्काळाच्या दिवसांत १८९९ साली काम सुरू करणारे अमेरिकन मिशनरी मेनोनाइटच होते. घोडागाडी राखली ती आमिशांनी आणि मेनोनाइटांतील काही जुन्या वळणाच्या शाखांनी.

शेजाऱ्याची पहिली तक्रार ढोंगाची असते. आमिश मोटार बाळगत नाहीत, पण भाडे देऊन शेजाऱ्याच्या मोटारीत बसतात. घरात टेलिफोन नाही, पण वाटेच्या टोकाशी चार कुटुंबांत मिळून एका खोपटात तो असतो. उत्तर इंडियानात तर मोटारीवर मालकी न सांगणारे शेकडो आमिश कारागीर चाकांवरची घरे बनविणाऱ्या कारखान्यांत काम करतात! प्रस्तुत लेखकास यात ढोंग दिसत नाही. यंत्र पापी आहे असे आमिश म्हणतच नाहीत. ते दारात आल्यावर शेजारधर्माचे काय होईल, एवढाच त्यांचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर एकटा गिऱ्हाईक देत नाही, मंडळी मिळून देते. आमच्या क्रमिक पुस्तकांत ग्राहक आपले उत्पन्न आणि बाजारभाव पाहून एकटाच निवड करतो. त्या निवडीचा इतरांवर होणारा परिणाम शेवटच्या एखाद्या प्रकरणात येतो आणि परीक्षेच्या घाईत बहुधा गाळला जातो. आमिशांनी पुस्तक त्या प्रकरणापासून वाचावयास घेतले आहे, एवढेच.

अर्थात या शहाणपणाची किंमत काही वेळा शेजाऱ्यालाही मोजावी लागते. नालांनी डांबरी रस्ते उखडतात आणि घोडा पेट्रोलवरचा कर भरत नाही. म्हणून इंडियानातील काही परगण्यांत घोडागाडीवर वार्षिक शुल्क आहे. गाडीच्या पाठीमागे लावावयाचा नारिंगी त्रिकोण हे भडक ऐहिक चिन्ह आहे, असे मानणाऱ्या एका कर्मठ शाखेचे लोक केंटकीत तुरुंगात गेले. अखेर २०१२ साली कायदा बदलून प्रकाश परावर्तित करणारी साधी पट्टी चालेल असे ठरले. म्हाताऱ्यांचा सांभाळ मंडळीनेच करावयाचा म्हणून सरकारी निवृत्तिवेतनाचा कर त्यांनी नाकारला, तेव्हा १९६१ साली पेनसिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याचे घोडे जप्त झाले. १९६५ साली स्वतंत्र धंदा करणाऱ्या आमिशांना त्या करातून सूट मिळाली. मालमत्ता कर आणि शाळांसाठीचा कर मात्र ते भरतात. शिवाय स्वतःच्या शाळा स्वतः चालवतात.

अशाच एका शाळेत, लँकेस्टर परगण्यातील निकेल माइन्स येथे, २ ऑक्टोबर २००६ रोजी दुधाचा टँकर चालविणाऱ्या एका बिगर-आमिश शेजाऱ्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःलाही संपविले. पाच मुली दगावल्या. त्याच दिवशी आमिश मंडळी मारेकऱ्याच्या घरी गेली, आणि पुढे त्याच्या अंत्यविधीलाही उभी राहिली. यावर अधिक लिहिण्याचा अधिकार कोणाही पाहुण्यास नाही.

तथापि आदराच्या भरात एक हिशेब मांडावयाचा राहून जाऊ नये. आमिश मुलांचे शिक्षण आठवीला संपते. विस्कॉन्सिन राज्यात सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची असताना तीन पालकांनी आपली मुले पाठविली नाहीत, म्हणून त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. मुलांना शेतीच्या स्वावलंबी जीवनाचे शिक्षण घरीच मिळते, हा त्यातील एक मोठा आधार होता. त्यानंतर जमिनीच्या किमती वाढल्या, आमिशांची संख्याही वाढली. १९०० च्या सुमारास ती काही हजार होती, आज चार लाखांच्या आसपास आहे. मोठ्या वसाहतींतून निम्म्याहून अधिक कुटुंबप्रमुख आता शेती करीत नाहीत. आधारच सरकला आहे. निकाल जागेवर आहे.

सुमारे पंच्याऐंशी टक्के मुले मोठेपणी पंथातच राहतात, हे त्यांच्या समाधानाचे प्रमाण म्हणून सांगितले जाते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारील की, दुसरा पर्याय किती महाग होता? बाप्तिस्म्यानंतर बाहेर पडणाऱ्याला वाळीत टाकले जाते. त्याआधी पडावे, तर हाती आठवीचे शिक्षण. ज्यांच्या पूर्वजांनी श्रद्धेची निवड जाणत्या वयातच झाली पाहिजे म्हणून मरण पत्करले, त्यांच्या घरी शाळेची निवड मात्र चौदाव्या वर्षी वडीलधारे करून टाकतात. शिक्षकी पेशातल्या माणसाला हे सहजासहजी पटणार नाही, आणि लेखकालाही पटत नाही.

त्या खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळे मत दिले. पालकांपैकी एकाची मुलगी साक्षीला आली होती आणि आपल्यालाच धर्मामुळे पुढे शिकावयाचे नाही, असे तिने सांगितले होते. तेवढ्यापुरता निकाल त्यांनी मान्य केला. राहिलेल्या दोन कुटुंबांतील मुलांना न्यायालयाने काहीच विचारले नव्हते.