वजनाच्या दिवशी मुलांच्या तोंडातही बघू द्या

प्रति,
मा. आयुक्त,
एकात्मिक बाल विकास सेवा योजना,
महाराष्ट्र राज्य



मी अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला मुलांचं वजन करते, उंची मोजते, मोबाइलमध्ये भरते. गेल्या पावसाळ्यात चार वर्षांच्या एका मुलीचं वजन दोन महिने हललंच नाही. मऊ खिचडी खायची, मटकीची उसळ बाजूला सारायची. मला वाटलं, हट्ट करते. एक दिवस मांडीवर घेऊन तिचा ओठ वर केला. वरचे पुढचे चारही दात तपकिरी, हिरडीपाशी खुंट उरलेले. खालच्या दाढेच्या खड्ड्यात मटकीचं साल अडकलेलं. पोरीला भूक होती, चावता येत नव्हतं.

आईला काय बोलायचं? मुलगी दोन वर्षं साखरेच्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायची. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांवर साचून राहतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात नेलं, तर 'दुधाचेच दात, पडतील' म्हणून परत पाठवलं. पडतील, पण पुढचे सहा-सात वर्षांची झाल्यावर आणि दाढा दहा-बाराव्या वर्षी. तोवर तिने खायचं कशाने? शिवाय दुधाची दाढ अवेळी गेली की शेजारचे दात सरकतात आणि मागून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा राहत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांच्या तपासणीत दातही आहेत. पण दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, दोन भेटींच्या मधल्या काळात कीड आत पोचू शकते. तिची सुरुवात हिरडीलगतच्या खडूसारख्या पांढऱ्या पट्ट्याने होते. तेव्हाच गोड कमी केलं आणि फ्लोराइडच्या पेस्टने रोज दोनदा दात घासले, तर दात सावरू शकतो. तो पट्टा ओळखायला आम्ही शिकू शकतो. वजनाच्या दिवशी एका मुलामागे अर्धं मिनिट जास्त लागेल.

म्हणून विनंती करते, साहेब. आम्हाला एक दिवस दंतवैद्याकडून हे शिकवा. पट्टा किंवा खड्डा दिसला तर नोंदवायला रकाना द्या आणि आम्ही दिलेल्या चिठ्ठीवर मूल तपासलं जाईल असा एक दवाखाना ठरवून द्या. मुलांना ब्रश आणि पेस्ट द्या. तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहे. ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथलं आरोग्य विभागाला विचारून ठरवा. आणि आज्यांना विसरू नका. दात येताना बाळाच्या हिरडीला मशेरी लावणारी घरं मी अजून बघते. माझं त्या ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकतील.

त्या मुलीच्या खालच्या दोन दाढा अजून भरता येण्यासारख्या आहेत. पुढच्या महिन्यात तिचं वजन पुन्हा करायचं आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका