एकच वही, तीन वाचक

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. माझी पुतणी उपयोजित कलेची पदवी घेऊन नोकरीच्या शोधांत आहे. आपल्या चोवीस कामांचे नमुने तिनें इंटरनेटवर एके ठिकाणीं मांडले आहेत. अशा मांडणीस हल्लीं पोर्टफोलिओ म्हणतात. तोच दुवा तिनें एका पुस्तक-प्रकाशकास, मोबाईलचीं ॲपें करणाऱ्या एका कंपनीस आणि पुढील शिक्षणासाठीं एका विद्यापीठास धाडला. तिन्ही ठिकाणांहून उत्तर आलें नाहीं. पोर हिरमुसली. तेव्हां मीं सुचविलें कीं, तिघांसाठीं तीन निराळ्या मांडण्या कर. हें ऐकून आमचे थोरले बंधू म्हणाले, "माणूस एक आणि मुखवटे तीन? हा अप्रामाणिकपणा नव्हे काय?"

आक्षेप विचारांत घेण्याजोगा खरा. परंतु लिओनार्दो दा विंचीचें उदाहरण पाहा. सुमारें १४८२ सालीं त्यानें मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे नोकरी मागण्यासाठीं पत्र तयार केलें. त्यांत पूल, तोफा व वेढ्याचीं साधनें आधीं येतात. चित्रकलेचा उल्लेख अगदीं शेवटीं. वाचणाऱ्यास काय हवें, हें तो ओळखून होता. पुढें त्याच लुदोविकोसाठीं त्यानें येशूच्या अखेरच्या भोजनाचें जगप्रसिद्ध भित्तिचित्र रंगविलें. क्रम बदलला म्हणून चित्रकार खोटा ठरला नाहीं. अर्थात् त्या पत्रांत वचनेंच पुष्कळ. आपण मात्र केलेलेंच दाखवावें.

मग आम्ही निवडीस बसलों. प्रकाशकासाठीं सहा मुखपृष्ठें व देवनागरी अक्षरांकन पुढें घेतलें. पुस्तकाचें नांव दुरून वाचतां येतें कीं नाहीं, हें तो आधीं पाहणार. कंपनीसाठीं दोनच कामें ठेवलीं. परंतु अडचण काय होती, पहिलें कच्चें रेखाटन कसें होतें, वापरणारा कोठें अडखळला आणि त्यावरून काय बदललें, हें सविस्तर लिहिलें. विद्यापीठास विचाराची वाढ पाहावयाची असते; म्हणून तेथें फसलेला एक प्रयोगही ठेवला.

वाद मिटला तो एका पानावर. चार विद्यार्थ्यांनीं मिळून केलेल्या एका कामाखालीं पुतणीनें केवळ आपलें नांव लिहिलें होतें. बंधूंनीं त्यावर बोट ठेवलें, "हें चौघांचें ना? मग यांत तुझें काय?" ती ओशाळली, आणि तिनें लिहिलें, 'रंगयोजना व अक्षररचना माझी.'

मर्यादा तेथेंच सर्वांस कळली. वाचक पाहून निवड बदलावी, क्रम बदलावा, विवेचनही बदलावें. परंतु आपला वाटा, सहकाऱ्यांचें श्रेय आणि तारखा तिन्ही प्रतींत एकच असाव्यात. तिन्ही प्रती शेजारीं शेजारीं ठेवल्या असतां एकीनें दुसरीस खोटें पाडूं नये. आणखी एक सूचना: दुवा धाडण्यापूर्वीं तो दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून पाहावा. पुष्कळदां पाहण्याची परवानगी आपल्यापुरतीच राहते आणि समोरच्यास बंद दार दिसतें.

उत्तरें यावयाचीं तेव्हां येतील. धाडण्यापूर्वीं तिन्ही प्रतींचें शुद्धलेखन मात्र बंधूंनींच तपासून दिलें.