विश्लेषण : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स… सुरक्षितपणे कसे नांदवायचे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यामुळे उत्तम चालणाऱ्या, पण विंडोज ११च्या अटींत न बसणाऱ्या लॅपटॉपचे करायचे काय, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. विंडोज न काढता शेजारी लिनक्स बसवणे, म्हणजेच ‘ड्युअल बूट’, हा त्यावरचा एक बिनखर्ची मार्ग. पण तो बिनधोक ठरायचा तर तयारी आधीच करावी लागते.

प्रश्न उद्भवला कसा?

विंडोज १० आली जुलै २०१५मध्ये. सपोर्ट संपला म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही. मात्र नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी बुजवल्या जात नाहीत. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था, सिक्युअर बूटची सोय आणि ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली, पण तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच.

ड्युअल बूट म्हणजे काय?

डिस्कचे भाग पाडून एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स ठेवली जाते. लॅपटॉप सुरू करताना कोणती हवी ते निवडायचे. टॅली, श्री-लिपी किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांसाठी विंडोज लागत असेल, तर ती हाताशी राहते. ईमेल, ब्राऊझिंग, बँकेची कामे लिनक्सवर करता येतात. मात्र दोघींची डिस्क एकच आणि सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायलींचा छोटा ‘ईएफआय’ विभागही बहुधा एकच. घरे दोन, पण दार सामायिक. बहुतेक अडचणी या दारातच उद्भवतात.

ऑगस्ट २०२४मध्ये काय घडले?

१३ ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांची लिनक्स सुरूच होईना. पडद्यावर सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश यायचा आणि लॅपटॉप बंद व्हायचा. जुने, त्रुटी असलेले बूटलोडर रोखणे हा त्या अपडेटचा हेतू होता. दोन सिस्टीम असलेल्या लॅपटॉपना ते लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. प्रत्यक्षात असे काही लॅपटॉप ओळखताच आले नाहीत. लिनक्समधल्या फायली जागेवर होत्या, पण दार बंद झाले होते. या अडचणीवरचा कायमचा उपाय मे २०२५च्या अपडेटमध्ये आला.

आधी कोणती तयारी हवी?

सर्वप्रथम फोटो, गुणपत्रिका, हिशेब यांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती उघडते का, हे दुसऱ्या संगणकावर तपासा. इन्स्टॉल करताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय चुकून निवडला, तर हीच प्रत वाचवते.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या सेटिंगमध्ये बदल होताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल आणि बॅकअपही नसेल, तर माहिती परत मिळवणे जवळजवळ अशक्य.

तिसरे, विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते सुरू असल्यास विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि त्या अवस्थेत लिनक्समधून तिच्या भागात काही लिहिले, तर फायली बिघडू शकतात.

बसवताना काय पाळावे?

लिनक्ससाठीची जागा विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून मोकळी करावी. लिनक्सची फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिचा चेकसम जुळवून पाहावा. फेब्रुवारी २०१६मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी करून हल्लेखोरांनी डाउनलोडच बदलून टाकला होता. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून लिनक्स न बसवता चालवून पाहावी. वाय-फाय, आवाज, कॅमेरा चालतो का ते कळते. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर घाईने बायोसमधील स्टोरेजचे सेटिंग बदलू नये. तयारीविना ते बदलल्यास विंडोज सुरू होणे थांबू शकते. उबुंटू, मिंट यांसारख्या लिनक्स सिक्युअर बूट सुरू ठेवूनही चालतात.

बसवल्यानंतर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसल्यास घाबरू नये. लिनक्स लॅपटॉपच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. लिनक्समध्ये एक सेटिंग बदलले की हा घोळ मिटतो. पुढे लिनक्स नकोशी झाली, तरी थेट तिचा भाग पुसू नये. आधी बूटच्या क्रमात विंडोजला पहिले स्थान द्यावे.

मग जुनी विंडोज सुरक्षित होते का?

नाही. शेजारी लिनक्स आल्याने विंडोज १०मधली एकही त्रुटी बुजत नाही. वाढीव अपडेट नसतील, तर विंडोज इंटरनेटविना, ठरावीक कामापुरतीच वापरावी. ज्यांचे सगळे काम ब्राऊझरमध्ये होते, त्यांनी बॅकअप घेऊन केवळ लिनक्स ठेवणे अधिक सोपे. लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवण्याची जागा असेल, तर लिनक्स तिच्यावर आणि तिच्याच स्वतंत्र बूट विभागासह बसवणे सर्वांत सुरक्षित. कारण मग दारही वेगळे राहते.