उसने घेतलेले नॉक्टर्न

'म्यूझ' या इंग्लिश रॉक-त्रयीचे 'युनायटेड स्टेट्स ऑफ युरेशिया' हे गाणे जुलै २००९ मध्ये प्रथम ऐकायला मिळाले आणि त्या बँडच्या चाहत्यांत सरळ दोन तट पडले. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या 'द रेझिस्टन्स' या अल्बममधले हे गाणे. त्याची लांबी पावणेसहा मिनिटांच्या आसपास आहे. पण शेवटची सुमारे दोन मिनिटे बँडची नव्हेत, ती शोपँची आहेत. ओपस ९ मधले दुसरे, ई-फ्लॅट मेजरमधले नॉक्टर्न तिथे पियानोवर वाजते. पियानो शिकणाऱ्या कोणालाही परिचित असलेली, किंबहुना अतिपरिचयाने थोडी झिजलेली अशी ही रचना.

एका तटाचे म्हणणे असे की हा निव्वळ बडेजाव आहे. आधीच गाण्याचा मधला भाग 'क्वीन' या बँडची नक्कल वाटावी इतका त्या वळणाचा. त्यात शेवटी शोपँचे शेपूट. आपल्याला गिटारचा घणाघात हवा होता, मैफल नको होती. दुसरा तट हरखून गेला होता. आपला बँड इतरांसारखा उथळ नाही, त्याला अभिजात संगीताची जाण आहे, याचा पुरावाच त्याला या दोन मिनिटांत मिळाला. इतकी वर्षे लोटली तरी या गाण्याचा विषय निघाला की हेच दोन सूर ऐकू येतात.

मला स्वतःला हे गाणे आवडते, पण पूर्ण नाही. तरीही इथे लिहावेसे वाटले ते आवडीनिवडीपोटी नव्हे. हे दोन्ही तट एकमेकांशी भांडत असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे, आणि ते साहित्याच्या वर्गातही आपल्याला रोज भेटते. अभिजात म्हणजे वरची पायरी, रॉक म्हणजे खालची, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला बँडचे वर चढणे खटकते, दुसऱ्याला त्याचा अभिमान वाटतो. उसना घेतलेला तुकडा ज्या जागी ठेवला आहे तिथे तो काय काम करतो, हा प्रश्न मात्र दोघेही विचारत नाहीत.

हे भांडण अर्थातच नवे नाही. चक बेरीने १९५६ मध्ये 'रोल ओव्हर बीथोव्हेन' गाऊन अभिजात परंपरेची थट्टा केली, तेव्हापासून रॉकने आपली ओळखच त्या परंपरेच्या विरोधात उभी केली होती. पण पुढे वारे फिरले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी 'डीप पर्पल' लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला उभे राहिले. रचना बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड याची, संचालन माल्कम आर्नल्ड यांचे. हा प्रयोग गाजला, पण खुद्द बँडमधल्या रिची ब्लॅकमोरला ही वाट पसंत नव्हती. पुढच्याच वर्षी 'इन रॉक' हा दणदणीत अल्बम आला आणि बँडने आपली दिशा ठरवली. 'इमर्सन, लेक अँड पामर' यांनी १९७१ मध्ये मुसोर्गस्कीची 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन' रॉकमध्ये आणली. त्या साऱ्या भव्यतेला कंटाळलेली पंकची लाट १९७६-७७ मध्ये उसळली. म्हणजे २००९ मध्ये जे दोन तट दिसले ते या इतिहासाचेच वारसदार होते.

खुद्द म्यूझच्या बाबतीत तर 'बँड बदलला' ही तक्रार टिकतच नाही. मॅथ्यू बेलामी याच्या पियानोवर रॅखमॅनिनॉफची छाया पहिल्यापासून आहे. 'स्पेस डिमेन्शिया' (२००१) आणि 'बटरफ्लाइज अँड हरिकेन्स' (२००३) ही गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे सांगायला नको. फरक एवढाच की तिथे छाया होती, इथे थेट अवतरण आहे. प्रभाव आणि अवतरण यांतला हा फरक मात्र मोलाचा आहे. प्रभाव पचवलेला असतो, तो लपू शकतो. अवतरण उघड उभे राहते आणि 'मी इथे का?' या प्रश्नाचे उत्तर मागते.

तेव्हा ते उत्तर गाण्यातच शोधू. शीर्षकातला 'युरेशिया' दोन ठिकाणांहून येतो. एक, ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) मधली तीन महासत्तांपैकी एक. दोन, झ्बिग्नियेव्ह ब्रझिन्स्की यांचे 'द ग्रँड चेसबोर्ड' (१९९७) हे पुस्तक. युरेशियाच्या भूमीवर वर्चस्व कोणाचे, यावर जगाचे राजकारण ठरते, असे मांडणारे. गाणे हळुवार पियानोवर सुरू होते, मग समूहस्वर आणि गिटार एकदम कोसळतात, मध्येच तंतुवाद्यांवर वाळवंटी चित्रपटांची आठवण देणारी पौर्वात्य धून येते. महासत्तेच्या नावाचा अखेर जयघोषच होतो. हा भाग अतिरंजित आहे, यात शंका नाही. पण ज्याचा आवाज तो काढतो आहे त्या साम्राज्याचा आवाज संयत असेल तरी कसा?

आणि मग तो जयघोष विरतो. शोपँ सुरू होतो. त्याच्यामागे खेळणाऱ्या मुलांचे आवाज आहेत. पियानो चालू राहतो, मुले खेळत राहतात आणि शेवटी जेट विमानाचा आवाज या सगळ्यावर पसरतो. या भागाला बँडने स्वतंत्र नाव दिले आहे : 'कोलॅटरल डॅमेज'. लष्करी परिभाषेत हे शब्द अनवधानाने मेलेल्या नागरिकांसाठी वापरतात.

इथे शोपँच का, हा प्रश्न विचारला की गाणे उलगडू लागते. शोपँचा जन्म १८१० चा, वॉर्साजवळचा. तेव्हा पोलंड नावाचा स्वतंत्र देश नकाशावर उरला नव्हता. १७९५ पर्यंत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता. नोव्हेंबर १८३० मध्ये शोपँ वॉर्साहून निघाला, त्याच महिन्यात तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला आणि शोपँ पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. ओपस ९ ची नॉक्टर्न्स याच काळातली. पुढे २३ सप्टेंबर १९३९ रोजी वॉर्सावर बॉम्ब पडत असताना व्वादिस्वाव श्पिल्मान पोलिश रेडिओवर थेट प्रक्षेपणात शोपँच वाजवत होता, त्यात एक नॉक्टर्नही होते. वॉर्सामधला शोपँचा पुतळा नाझींनी १९४० मध्ये सुरुंग लावून उडवला. बॉम्बच्या आवाजाखाली वाजणारा शोपँ ही म्यूझची कल्पना नव्हे. इतिहासाने ती आधीच लिहून ठेवली आहे. आणि ज्यांच्या पुस्तकाने या गाण्याला विषय दिला ते ब्रझिन्स्कीसुद्धा वॉर्सातच जन्मले, हा आणखी एक योग.

यावर हमखास आक्षेप येतो : बेलामीच्या मनात हे सगळे होते का? कदाचित नसेलही. पण विम्सॅट आणि बिअर्ड्सली यांचा 'द इन्टेन्शनल फॅलसी' हा लेख १९४६ चा आहे. कर्त्याचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवतो. कवितेला लावतो तो न्याय रॉकच्या गाण्याला नाकारायचा कशासाठी? साम्राज्याचा जयघोष, त्यानंतर देश हरवलेल्या संगीतकाराची अंगाईसारखी धून, मग विमान. हा क्रम गाण्यात आहे, तो ऐकू येतो, आणि त्याचा अर्थ लागतो. माझ्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे.

मराठी वाचकाला याची ओळख वेगळ्या वाटेने आहेच. मर्ढेकरांनी 'काही कविता' (१९४७) मध्ये ओवी-अभंगांचे साचे यंत्रयुगातल्या माणसासाठी वापरले, तेव्हाही कोणाला ती परंपरेची विटंबना वाटली, तर कोणाला परंपरेचा गौरव. खरे काम त्या साच्यातल्या श्रद्धेत आणि आतल्या अनुभवात जे अंतर पडले होते, ते करीत होते.

अर्थात प्रत्येक उसनवारी अशी फळत नाही, आणि याचे उदाहरण त्याच अल्बममध्ये आहे. अखेरची 'एक्झोजेनेसिस : सिम्फनी' ही तीन भागांची, सुमारे तेरा मिनिटांची रचना. चाहत्यांतल्या दुसऱ्या तटाला ती बँडचे शिखर वाटते. मला ती ऐकताना 'सिम्फनी' हा शब्द संगीताच्या पुढे चालतो आहे असे जाणवत राहते. तिसऱ्या भागाची सुरुवात बीथोव्हेनच्या 'मूनलाइट सोनाटा'ची आठवण देते, पण ती आठवण कशाशी भिडत नाही. सुंदर आहे, आणि तिथेच थांबते. इथे पहिल्या तटाची तक्रार मला मान्य आहे. पुढे २०११ मध्ये या अल्बमला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले, पण पारितोषिकाने असे प्रश्न सुटत नसतात.

वर्गात एखाद्या कवितेतला संदर्भ विद्यार्थ्याला ओळखू आला की त्याचा चेहरा उजळतो. 'सर, हे ज्ञानेश्वरीतले आहे' किंवा 'हे एलियटचे आहे' असे तो म्हणतो, आणि बऱ्याचदा मीही शाबासकी देऊन पुढच्या ओळीकडे वळतो. ओळख पटली म्हणजे वाचन झाले, असा आमचा दोघांचा समज होतो. शोपँ ओळखून हरखलेला चाहता तिथेच थांबला आणि शोपँ ओळखून चिडलेला चाहताही तिथेच थांबला. दोघांनीही विमानाचा आवाज ऐकला नाही. तो ऐकू यावा म्हणून संदर्भ ओळखल्यानंतरही वर्गात आणखी पाच मिनिटे त्याच ओळीवर थांबले पाहिजे, असे अलीकडे मला फार वाटू लागले आहे.