दगड उघडा पाडू नका!

मंडळी, पुतण्याने गोव्याचे फोटो पाठवलेत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या फोटोखाली लिहिलंय, "काका, हे अस्सल जुनं! खेड्यातली चर्चं नुसती रंगरंगोटी केलेली." आमच्या आजऱ्याकडच्या गावची जीर्णोद्धार समितीही हेच म्हणते. देवळाचा गिलावा काढायचा, जांभा 'मोकळा' करायचा, म्हणजे देऊळ पुरातन दिसेल म्हणे!

तर ऐका. बॉम जेझू १५९४ साली बांधायला घेतलं, १६०५ साली त्याचा अभिषेक झाला. तेव्हा त्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता, आणि तो पुढे साडेतीनशे वर्षं राहिला. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुरचनाकाराने तो खरवडून काढला. का, तर चर्च जुनं दिसावं! म्हणजे ज्याला आपण चारशे वर्षांचं रूप समजतो ते माझ्याहूनही लहान आहे.

दिसण्यापुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण जांभा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना इतका मऊ की तासता येतो, नंतर वाऱ्या-उन्हाने कठीण होतो. तरी पाणी पितोच, आणि पाऊस तिथला कोकणातला. दर्शनी भागावरची नक्षी वसईहून आणलेल्या काळ्या बेसाल्टची, ती टिकून आहे. जांभा मात्र झिजतो. २०२० साली तिथल्या रेक्टरांनीच पुन्हा गिलावा करा अशी जाहीर मागणी केली होती.

आता बार्देशातलं रेइश मागुश बघा. मांडवीच्या काठचं गाव, चर्च १५५५ चं, म्हणजे बॉम जेझूहून जुनं. ते पांढरंशुभ्र आहे. पर्यटक पायऱ्यांवर सेल्फी काढून शेजारच्या किल्ल्यात जातात. कुणी सांगत नाही की तो पांढरा रंग म्हणजे इमारतीचं इरलं आहे. आणि खेडूत माणसं फेस्ताच्या आधी चुना लावतात त्याला आपण रंगरंगोटी म्हणून नाक मुरडतो!

(समितीत दोघे माझेच विद्यार्थी आहेत. असो.)

रविवारच्या बैठकीत माझं म्हणणं एवढंच राहील: निघालेला गिलावा चुन्यानेच भरा. सिमेंट नको, त्याने आतली ओल आतच कोंडते. ऑइलपेंट तर नकोच. पैसे कमी पडले तर माझ्या पेन्शनमधून चुन्याची चार पोती माझ्याकडून.