पेन्शन हक्काची, साहेबांच्या फोनची नव्हे

शिरूर-दौंडच्या वस्त्यांतले निवृत्त गुरुजी आणि बाई आम्हाला नेहमी भेटतात. पेन्शन लांबली की पहिली बंद होते ती बीपीची गोळी. किराणा उधार मिळतो, औषध मिळत नाही. मग एखाद्याला लकवा मारतो आणि दौंडहून ससूनपर्यंत धावपळ होते. अशा वेळी कुणीतरी सुचवतेच, "साहेबांना फोन करायला सांगा."

आमचा आक्षेप इथेच आहे. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे, तो हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नाकरा खटल्यात सांगितले. संविधानाचे कलम 41 म्हातारपण आणि आजारपणातल्या मदतीबद्दल बोलते. मग आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या माणसाने पुढाऱ्याच्या दारात का उभे राहावे? निवडणूक असो वा नसो, पेन्शनचा निधी ठरल्या तारखेला सुटलाच पाहिजे. दुसऱ्या योजनेकडे वळता कामा नये.

आपल्या बाजूने नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकवू नका. सत्तरी गाठलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी कुणाच्या फोटोखालच्या शिबिरातच जायला हवे असे नाही. पण हे कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाचे. रोजची गोळी पेन्शनमधूनच येते.