पाण्यात काय आहे ते सांगा

२०२५ हे वर्ष कसे गेले ते वाचकांनी आमच्याबरोबरच पाहिले आहे. डॉ. जयंत नारळीकर गेले. पहिलीपासूनच्या हिंदीचा शासननिर्णय आला आणि रद्दही झाला. सप्टेंबरात मराठवाड्यातली उभी पिके मातीसकट वाहून गेली. इथे मात्र वर्षभर सलत राहिलेली एकच गोष्ट मांडायची आहे. ‘पाणी’ हा यंदाच्या अंकाचा विषय तिच्यातूनच सुचला.

मे महिन्यात अमेरिकेतल्या युटा राज्यात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यावर बंदी आली, जुलैत फ्लोरिडात. दात किडू नयेत म्हणून १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहरात सुरू झालेली ही प्रथा. उलट कॅनडातल्या कॅलगरीने २०११ मध्ये बंद केलेले फ्लोराइड यंदा पुन्हा सुरू केले. लोकांना न विचारता सगळ्यांच्या पाण्यात औषध घालावे का, हा प्रश्न खरा आहे. पण आपल्याकडे तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला, आणि धरणाचे पाणी पिणाऱ्या पुण्या-मुंबईच्या घरांत मुलांच्या टूथपेस्टची चिंता सुरू झाली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कित्येक गावांत मात्र फ्लोराइड कोणी मिसळत नाही, ते खडकातून येते. १९७२च्या दुष्काळानंतर राज्यभर बोअर घेतले गेले, हातपंप बसले. उघड्या विहिरीचे पाणी गढूळ, बोअरचे स्वच्छ, असेच लोकांना सांगितले गेले. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी उकळले तर पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते. पोराला पक्के दात येतात तेच पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचे, आणि ते हसताना तोंडावर हात धरू लागते. पुढे वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले की पाठ, मान आखडते. मागून हाक आली तर माणसाला अख्खे अंग वळवावे लागते. हाडे एकदा अशी झाली की औषधाने पूर्ववत होत नाहीत.

हे तेव्हा ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. नेल्लोर जिल्ह्यातल्या रुग्णांवरून हाडांच्या या आजाराची नोंद १९३७ सालीच झाली होती. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नळगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने पुढे बसवून दिली. लिटरमागे एक मिलिग्रॅम, दुसरे पाणीच नसेल तर दीड, अशी मर्यादाही भारतीय मानकात लिहिलेली आहे. तरीही फ्लोराइड काढण्याचे यंत्र बसवून उद्घाटन होते आणि आतला माल बदलायला मग कोणी फिरकत नाही, याची आम्हाला चीड आहे. अमेरिकेत निदान नगरपालिकेला जाब विचारता येतो. इथे बोअर सरकारने घेतला, तर त्यातल्या पाण्याची जबाबदारीही सरकारचीच. खडकावर ती ढकलता येणार नाही.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी हातपंपावर फ्लोराइडचा आकडा आणि तपासणीची तारीख ठळक रंगवावी, आणि आकडा दीडच्या वर गेला की दुसरे पाणी येईपर्यंत टँकर द्यावा. दिवाळीला गावी जाणाऱ्या वाचकांनी ग्रामपंचायतीत तपासणीचा अहवाल मागावा व त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी. येईल तो अहवाल गावाच्या नावानिशी छापू.